रि. ६४ : आमच्या शरद ट्रेल शर्यतीच्या इतिहासाच्या प्रकल्प नोंदी

२ जून

बैठकीत ठरलं. यंदाच्या शर्यतीच्या दिवशी तिच्या इतिहासाची पुस्तिका निघणार आणि ती मी करायची. समितीची मागणी साधी आहे: दरवर्षीचे विजेते, विक्रम, जुने फोटो. मला हे काम मनापासून हवं होतं. या डोंगरवाटेवर मी धावले आहे, वळणावर शिट्टी घेऊन उभी राहिले आहे, भिजलेले बिब (धावपटूंच्या छातीवरचे क्रमांक) दोरीवर वाळत घातले आहेत. आमची वस्ती लहान. जो यंदा धावतो तोच पुढच्या वर्षी पाण्याच्या टेबलावर उभा असतो. अशा शर्यतीचे कागद कुठल्याही संग्रहालयात नसतात, ते कुणाच्या तरी माळ्यावर असतात.

आज तीन खोकी मिळाली.

५ जून

खोकी उघडली. पहिल्या सात वर्षांचे निकाल वह्यांत, बरेचसे पेन्सिलीने लिहिलेले. पेन्सिल उत्तम टिकली आहे. पुढची वर्षं छपाईच्या स्टॉपवॉचवर घेतलेली: बटण दाबलं की क्रमांक आणि वेळ कागदी पट्टीवर उमटते. हा थर्मल कागद. त्यावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो, आणि तो लेप उजेडात, उकाड्यात फिका होत जातो. दोन पट्ट्या जवळजवळ कोऱ्या दिसतात. खिडकीजवळ तिरपी धरली तर आकडे ओळखू येतात.

एक पट्टी पूर्ण काळी आहे. कुणीतरी ती जपायची म्हणून लॅमिनेट केली. लॅमिनेशनच्या गरम रुळाखालून थर्मल कागद गेला की सगळा लेप एकदम काळा पडतो. एक अख्खं वर्ष त्या प्लॅस्टिकमध्ये बंद आहे. ज्याने केलं त्याने प्रेमानेच केलं असणार, म्हणून कुणी केलं ते विचारत बसले नाही.

वाचता येतील त्या सगळ्या पट्ट्या आजच ६०० डीपीआयवर स्कॅन केल्या. बाकी सगळं थांबेल, हे थांबणारं नव्हतं.

९ जून

निकाल स्प्रेडशीटमध्ये भरताना निम्मा दिवस फुकट गेला. ‘५८:२०’ लिहिलं की संगणक त्याचे ५८ तास २० मिनिटं करतो. त्यामुळे पहिल्या पानावरचा विजेता अडीच दिवस डोंगरात फिरत होता असं दिसत होतं. आता प्रत्येक वेळ ‘०:५८:२०’ अशीच भरायची. पुढे हे काम जो करेल त्याच्यासाठी पहिल्याच ओळीत सूचना लिहून ठेवली.

१४ जून

पहिल्या वर्षाच्या वहीत एक ओळ अडली आहे. शेवटच्या धावपटूची वेळ २:०५. त्याच्याखाली दोन ओळी रिकाम्या, आणि मग:

*रि. ६४ — ३:२१*

बिब क्रमांक नाही, पूर्ण नाव नाही. ‘रि.’ हे नावाचं आद्याक्षर आणि ६४ हे वय असावं, असं पहिल्यांदा वाटलं. आणि वाटल्याबरोबर एक चित्र उभं राहिलं: चौसष्ट वर्षांची बाई, बिब न मिळालेली, सगळे घरी गेल्यावर एकटी पोहोचणारी. रीमा, रितू, रिबेका, कुणीही.

या चित्राला आधार आहे, म्हणूनच ते मोहात पाडतं. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शर्यतीत १९५५ साली कॅथलीन कॉनोकी ही सोळा वर्षांची मुलगी धावली. तिला अधिकृत प्रवेश नव्हता, म्हणून पुरुष सुटल्यावर थोड्या वेळाने तिला निघावं लागलं. ती ३ तास २ मिनिटांत परतली. अमेरिकेतल्या पाइक्स पीक मॅरेथॉनमध्ये १९५९ साली आर्लीन पायपर ४,३०० मीटरच्या शिखरावर जाऊन ९ तास १६ मिनिटांत खाली आली. अमेरिकेत मॅरेथॉन पूर्ण केलेली पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. तिला स्वतःला हे पन्नास वर्षं माहीत नव्हतं. २००९ मध्ये आयोजकांनी शोधून काढलं तेव्हा तिला कळलं.

तशी एक बाई आमच्याही वहीत असावी असं मला फार वाटतंय. पण अजून हातात फक्त एक अक्षर आणि एक आकडा आहे. पुस्तिकेत काहीही लिहिणार नाही.

२२ जून

विक्रमाचा प्रश्न. समितीच्या फळ्यावर सहाव्या वर्षाची वेळ अजून ‘मार्गाचा विक्रम’ म्हणून लिहिलेली आहे. त्यानंतर तिच्या जवळपासही कुणी आलं नाही. नवे धावपटू कुजबुजतात की जुन्या लोकांचं घड्याळ चुकलं असेल.

असा संशय जुनाच. इंग्लंडमधल्या बर्न्सल या खेड्याच्या टेकडी शर्यतीत अर्नेस्ट डॅल्झेलने १९१० साली १२ मिनिटं ५९.८ सेकंदांची वेळ दिली. ती ६७ वर्षं टिकली. इतक्या वेगाने कुणी उतरूच शकत नाही, असं म्हणणारे होते. १९७७ मध्ये फ्रेड रीव्हजने १२ मिनिटं ४७.८ सेकंदांत ती मोडली. घड्याळावर बोट ठेवण्याआधी वाट तपासायला हवी: सहाव्या वर्षी धावले ते नेमके कुठून?

२९ जून

पहिल्या दहा वर्षांचे वेळाधिकारी काका सोबत आले. आता हळू चालतात, पण वाटेवर त्यांना विचारावं लागत नाही. ओढ्यापाशी थांबून म्हणाले, “तुम्ही इथून वर जाता. आम्ही सरळ जायचो.”

सरळ म्हणजे झुडपांत. दहा पावलं आत गेल्यावर जुनी पाऊलवाट खरंच दिसली, मधोमध खचलेली, पाण्याने खोल चर पाडलेली. आठव्या वर्षी जमीनमालकाने सांगितलं की उतार धुपतोय, शर्यत इथून नको. समितीने ऐकलं आणि वाट कड्याच्या वरून फिरवली. वहीत याचा एका ओळीचा उल्लेख आहे: ‘मार्गात किरकोळ बदल.’

किरकोळ म्हणे. त्या बदलाने एक जास्तीचा चढ वाढला आहे.

३ जुलै

मोजमाप. आधी जीपीएस घड्याळ घालून आजची वाट तीनदा चालले: ११.६, १२.१ आणि ११.८ किलोमीटर. वाट तीच, पाय तेच. दाट झाडीखाली घड्याळाला जागा काही मीटर इकडेतिकडे दिसते, आणि नागमोडी चढावर ते दोन नोंदींमधली वळणं कापून सरळ रेघ ओढतं. कधी अंतर वाढतं, कधी घटतं.

मग मोजचाक आणलं. दगडांवर चाक उडतं, त्यामुळे तेही अचूक नाही. पण जुनी आणि नवी वाट एकाच चाकाने, एकाच दिवशी मोजली तर दोन्हींतला *फरक* विश्वासाचा असतो. नवी वाट जुन्या वाटेपेक्षा साधारण ७०० मीटर लांब निघाली, वर तो चढ.

म्हणजे घड्याळ चुकलं नव्हतं. सहाव्या वर्षीचा धावपटू वेगळ्याच शर्यतीत धावला होता.

६ जुलै

समितीला सांगितलं. वातावरण तापलं. एक जण म्हणाला, “म्हणजे त्याचा विक्रम तुम्ही काढून घेताय.” हे बोलणं मला लागलं, कारण विक्रमवीर आमच्यातलाच आहे आणि त्या फळ्याकडे तो दरवर्षी एकदा बघतो.

मी बेन नेव्हिसचं उदाहरण दिलं. तिथे १८९५ साली विल्यम स्वान फोर्ट विल्यमच्या पोस्टापासून निघून, १,३४५ मीटरच्या माथ्याला शिवून, २ तास ४१ मिनिटांत परत आला. १८९८ ची पहिली स्पर्धा बानवीहून सुटली. १९७१ पासून शर्यत क्लॅगन पार्कहून सुटते. म्हणून आजचा विक्रम सांगताना १९७१ नंतरचीच वेळ सांगतात: पुरुषांत केनी स्टुअर्टची १९८४ ची १:२५:३४. त्याच वर्षीची पॉलीन हॉवर्थची १:४३:२५ ही वेळ २०१८ मध्ये व्हिक्टोरिया विल्किन्सनने २४ सेकंदांनी मोडली. चौतीस वर्षांचं अंतर ओलांडून २४ सेकंदांबद्दल बोलता येतं, कारण दोघी एकाच वाटेने गेल्या. आणि म्हणून स्वानची किंमत कुणी कमी करत नाही. त्याचं नाव सगळ्यात आधी येतं.

ठरलं: दोन तक्ते. ‘ओढ्याची वाट, वर्ष १ ते ७’ आणि ‘कड्याची वाट, वर्ष ८ पासून’. पहिल्या तक्त्यातला विक्रम आता कधीच मोडणार नाही. विक्रमवीराला मी घरी जाऊन सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ओढ्याची वाट असंच लिही. तेच नाव होतं.”

पुस्तिकेचा क्रमही आज बदलला. पहिलं प्रकरण विजेत्यांचं होतं, आता वाटेचं.

७ जुलै

फोटो लावले. काही खास नाही. बहुतेकांत पाठच दिसते.

१५ जुलै

तिसऱ्या वर्षाच्या कागदांत एक चिठ्ठी, ठळक, खाली दोन रेघा मारलेली: ‘लाल रिबिनी पुन्हा नकोत.’

काकांना फोन केला. त्या वर्षी पुढचे सगळे धावपटू चुकले होते. शरदात पानं तांबडी-पिवळी होतात आणि त्या रंगांत लाल रिबीन विरघळून जाते. रिबिनी बांधल्या तेव्हा झाडं अजून बरीच हिरवी होती. चौथ्या वर्षापासून निळ्या रिबिनी. आजही निळ्याच आहेत, आणि का ते समितीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

शरदातली शर्यत म्हणजे काय ते अशा चिठ्ठ्यांतून कळतं. पानांखाली झाकलेली मुळं. सकाळचं दव बसलेल्या लाकडी फळ्या. आणि उजेड: विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होतो, त्यामुळे शर्यत दोन आठवडे पुढे ढकलली तर शेवटच्या माणसाच्या वाट्याचा बराच उजेड जातो. पाचव्या वर्षी तसं झालं. सहाव्या वर्षीपासून शर्यत एक तास लवकर सुटते.

सामानाच्या यादीचीही हीच गोष्ट. पहिल्या वर्षी नियम एकच: ‘शिट्टी असावी.’ आता वारा-पाऊस अडवणारं जाकीट, टोपी, उबदार पांघरूण, फोन. दरवर्षी कुणीतरी कुरकुरतं की एवढ्याशा शर्यतीला इतकं कशाला. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीत वर गेल्यावर हवा फिरली, गारा आणि गारठ्याचा वारा सुटला, आणि १७२ पैकी २१ धावपटू दगावले. जाकीट सक्तीचं नव्हतं. आमच्या यादीत पुढच्याच वर्षी ‘सक्ती’ हा शब्द आला. पुस्तिकेत हे लिहिणार आहे, आणि सविस्तर लिहिणार आहे.

२४ जुलै

निकालांत एक खड्डा सापडला. दुसऱ्या ते सहाव्या वर्षांत निकालाच्या मागच्या पानावर वेगळी यादी आहे: ‘चालणारे’. फक्त नावं, वेळ नाही. दोन-तीन सोडली तर सगळी बायकांची. सहा वर्षं मुख्य निकालात एकही बाई नाही आणि सातव्या वर्षी एकदम अकरा! मी आजवर असं समजत होते की बायका तेव्हा आल्या. त्या आधीपासून मागच्या पानावर होत्या.

कॅलिफोर्नियातली डिप्सी ही ट्रेल शर्यत १९०५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिथे १९१८ ते १९२२ बायकांची वेगळी शर्यत व्हायची आणि तिचं नाव ‘हाइक’ असं ठेवलं होतं, कारण हौशी खेळांच्या नियमांत बायकांना अशा शर्यतीत धावायला परवानगी नव्हती. नाव चालण्याचं, बायका धावत होत्या.

२८ जुलै

‘चालणारे’ यादीतल्या एका आजींकडे गेले. यादी दाखवली. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, शेजारचं नाव वाचलं, मग विचारलं, “वेळ कुठेय?”

“वेळ नाही लिहिलेली, आजी. चालणाऱ्यांची घेत नव्हते.”

“चढावर चाललो असू. सगळेच चालतात चढावर, पुरुषसुद्धा. उतारावर कोण चालतंय? धावलोच की आम्ही.”

मग त्यांनी सांगितलं की पोहोचल्यावर घड्याळवाला आवराआवर करत असायचा. कुणी अडवलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. फक्त घड्याळ बंद झालेलं असायचं. सातव्या वर्षी त्यांनी आणि आणखी दोघींनी आधीच जाऊन सांगितलं की आम्ही येईपर्यंत घड्याळ चालू ठेवा. एवढंच. त्या वर्षी अकरा वेळा लिहिल्या गेल्या.

कुणी दार तोडलं, अशी गोष्ट मी शोधत होते. इथे दार उघडंच होतं आणि मोजणारा माणूस आत निघून गेला होता. हे लिहायला जास्त अवघड आहे, पण घडलं ते हेच.

२ ऑगस्ट

काकांना हे विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी विचारलं. ते म्हणाले, “हो. पहिले तीस आले की घड्याळ बंद करायचो मी. बॅटरीची काळजी असायची.” थोडं थांबून, “चूकच होती ती. तसं लिही तू.”

लिहीन. पण हेही लिहीन की सातव्या वर्षी पहिल्यांदा सांगितल्याबरोबर ते अंधार पडेपर्यंत थांबले होते.

मात्र यातून एक नवा प्रश्न आला. पहिल्या वर्षी घड्याळ लवकर बंद होत असेल तर ३:२१ ही वेळ कुणी घेतली?

५ ऑगस्ट

‘रि. ६४’ वर पुन्हा.

ओढ्याची वाट माझ्या चाकाने सुमारे ११ किलोमीटर, चढाई साधारण ४५० मीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा आहे: मैदानी चालीला तासाला ३ मैल, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. आजच्या मापांत तासाला ५ किलोमीटर आणि ६०० मीटरला एक तास. म्हणजे ११ किलोमीटरला २ तास १२ मिनिटं, चढाईची ४५. एकूण २:५७. वहीतली वेळ ३:२१. धावणारं माणूस नाही हे. चालत आलेलं, तेही मधेमधे थांबत.

कशासाठी थांबत?

६ ऑगस्ट

खर्चाचा कागद शोधला. पहिलं वर्ष. दोरी, खडू, कागदी पेले, ‘रिबिनी नग ७०’.

रि. म्हणजे रिबिनी.

काकांना फोनवर वाचून दाखवलं, आणि त्यांना एकदम आठवलं. शर्यत संपल्यावर एक जण सगळ्यांच्या मागून खुणा काढत आला. आज आपण त्याला स्वीपर म्हणतो, तेव्हा काही नाव नव्हतं. काका त्याच्यासाठी थांबले होते, कारण त्याच्याकडे घराची किल्ली होती. तो आला, रिबिनींचा गुंडाळा टेबलावर ठेवला, दोघांनी मोजल्या, चौसष्ट. काकांनी आकडा लिहिला आणि मनगटावरच्या घड्याळात बघून वेळही टाकली. सहज.

माझी चौसष्ट वर्षांची बाई गेली. दिवसभर थोडं रितं वाटलं. पण संध्याकाळी ती ओळ पुन्हा वाचली. पहिल्या वर्षापासून आमच्याकडे शेवटच्या माणसाची वेळ आहे, फक्त तो स्पर्धक नव्हता.

१९ ऑगस्ट

मजकूर लिहितेय. ‘शेवटचे’ हे प्रकरण वाढत चाललंय आणि मी ते आवरत नाही. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीला ३० तासांची मर्यादा आहे, आणि तिचा शेवटचा तास बघायला ऑबर्नच्या मैदानावर गर्दी परत जमते. विजेता तोवर झोपून उठलेला असतो. आमच्याकडे विजेत्याला टाळ्या मिळतात आणि शेवटच्याला आवरलेलं टेबल. समितीला लेखी विनंती केली: शेवटचा माणूस आणि त्याच्या मागचा स्वीपर पोहोचेपर्यंत घड्याळ, कमान आणि पाण्याचं टेबल हलवायचं नाही.

३० ऑगस्ट

विनंती मान्य. चर्चा पाच मिनिटंही चालली नाही.

१२ सप्टेंबर

पानं छपाईला गेली. शेवटचे निर्णय: ‘चालणारे’ यादी मुख्य निकालाच्या सलग छापली आहे, वेळेच्या जागी रिकामी चौकट. अंदाजाने वेळ भरायची सूचना आली होती, मी नाही म्हटलं. काळ्या पडलेल्या पट्टीचा फोटो त्या वर्षाच्या पानावर आहे, विजेत्याचं नाव लोकांच्या आठवणीवरून आणि तसं स्पष्ट लिहून. पहिल्या वर्षाच्या तळाशी, दोन ओळी सोडून, ‘रि. ६४ — ३:२१’, वहीत आहे तसंच.

३ ऑक्टोबर

शर्यतीचा आदला दिवस. निळ्या रिबिनी बांधल्या, मोजून १४०. पानं यंदा लवकर गळली आहेत. मुळांवर खडूची भुकटी टाकली.

४ ऑक्टोबर

मी यंदा स्वीपर. शेवटच्या धावपटूच्या मागे पन्नास पावलं ठेवून चालले, रिबिनी सोडवत. तिने ओढ्यापाशी दोनदा मागे वळून विचारलं, “मी फार उशीर करतेय का?” म्हटलं, सावकाश चला, घड्याळ चालू आहे.

कमानीपाशी आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, शेजारी काका वही घेऊन. धावपटूची वेळ लिहिली. मग माझा गुंडाळा टेबलावर उघडला आणि आम्ही तिघांनी मोजल्या. काकांनी पेन्सिलीने लिहिलं: रि. १३७.

तीन वर राहिल्यात. बहुतेक कड्याच्या वळणावर, तिथे वारा होता. उद्या सकाळी जाऊन आणायच्या.